बिंदू आणि खोडरबर

दिवाळीला भाच्याची मुलगी येऊन गेली. मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. तिचा बाप मला आत्या म्हणतो, म्हणून ती आत्याआजी म्हणते. एरवी नागपूरला आली की तिची वही सतत बाहेर असते. मी सांबारवड्या वळत असले की माझे हात काढते, कंपाउंडवरची मांजर काढते, समोरच्या काकूंचा वाळत घातलेला गाऊनसुद्धा काढते (काकूंना अजून माहीत नाही). यंदा तीन दिवस झाले तरी वही बॅगेतून बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी न राहवून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं आत्याआजी, बंद आहे सध्या."

नळ बंद असावा तसं म्हणाली.

मग हळूहळू कळलं. सहामाहीला तिच्या सरांनी तिची बारा कामं भिंतीला लावून पाहिली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, हात चांगला आहे, पण यात तू कुठे आहेस? तुझी स्वतःची दृष्टी दिसत नाही. मार्कही त्या हिशोबाने. त्यानंतर दोन महिने तिने ब्रश हातात धरलेला नाही. कॅनव्हाससमोर बसलं की पहिली रेघ ओढायच्या आधीच ती 'आपली' आहे का, असा प्रश्न पडतो म्हणे, आणि रेघ ओढलीच जात नाही.

भाच्याचा फोन आलाच. "आत्या, तुझं ऐकते ती, तूच समजाव. तिचे सरच म्हणतात दृष्टी नाही, मग कशाला वर्षं घालवायची? पुण्याला तो युआय-युएक्सचा कोर्स आहे, वर्षभरात नोकरी." म्हणजे गंमत पहा. एक कलेचा माणूस, एक हिशोबाचा माणूस, दोघांचं एरवी कधी पटणार नाही, पण या पोरीच्या बाबतीत दोघंही एकाच मुक्कामाला पोचले.

मी तेव्हा काही बोलले नाही. मला वादात कधी वेळेवर सुचत नाही. दोन दिवसांनी भांडी घासताना सुचतं. म्हणून आता लिहून काढते आहे. भाच्या, तू वाचशीलच.

आधी त्या सरांची बाजू. तिने मोबाइलवर मला ती बारा कामं दाखवली. मी पडले मराठीची मास्तरीण, मला चित्रातलं फारसं कळतं असा दावा नाही. पण माझ्यासुद्धा लक्षात आलं की एक काम रझांसारखं आहे, दोन गायतोंड्यांसारखी आहेत, एकात व्हॅन गॉगचं आकाश गरगरतं आहे, आणि उरलेली कुणासारखी तरी आहेतच, फक्त मला त्यांची नावं माहीत नाहीत. तेव्हा सरांनी पाहिलं ते खोटं पाहिलं असं मी म्हणणार नाही. माझं भांडण त्यांच्या निदानाशी नाही, औषधाशी आहे. म्हणजे औषध दिलंच नाही, याच्याशी आहे.

आणि यातलं रझांचं नाव आलं म्हणून मला रझांबद्दलच बोलायचंय.

सय्यद हैदर रझा. आम्हा नागपूरकरांना ते जवळचे वाटतात, कारण चित्रकलेचं पहिलं शिक्षण त्यांनी इथल्याच कलाशाळेत घेतलं, १९३९ ते ४३. जन्म १९२२चा, आताच्या मध्य प्रदेशातल्या बाबरिया गावचा. वडील जंगलखात्यात रेंजर. त्यामुळे लहानपण सगळं नर्मदेच्या अंगाच्या दाट रानात गेलं. रात्रीचा मिट्ट काळोख, त्याची भीती, गोंडांचे नाच, आणि सकाळ झाली की सुटल्यासारखं वाटणं, हे सगळं ते म्हातारपणापर्यंत सांगत असत. पोरगं शाळेत अतिशय चंचल. एका जागी बसेना, अभ्यासात लक्ष लागेना. काकैया नावाच्या गावातल्या त्या शाळेच्या मास्तरांनी एक दिवस त्याला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं, व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, इथे बस आणि याच्याकडे बघ. बाकी सगळं विसर. मुलगा तेव्हा आठेक वर्षांचा असेल.

'बिंदू' नावाने रझा जगभर ओळखले जातात तो काळा गोल त्यांच्या चित्रात मध्यभागी येऊन बसला, तो १९८०च्या सुमारास. म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. मास्तरांनी ठिपका काढल्यानंतर साधारण पन्नास वर्षांनी.

ही गोष्ट मासिकांतून, वर्तमानपत्रांतून अनेकदा येऊन गेली आहे, आणि ती सांगताना लोक मधली पन्नास वर्षं गाळतात. ठिपका, मग लगेच कीर्ती. मला त्या मधल्या पन्नास वर्षांतच रस आहे, कारण आमची पोर सध्या तिथेच कुठेतरी अडकली आहे.

नागपूरहून रझा मुंबईला आले. जे. जे.त शिकले, पण पोटासाठी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी केली. छपाईचे ब्लॉक बनवण्याचं ते ठिकाण, तिथे डिझाइनं काढायची. (भाच्या, नोकरी. नोंद घे.) उरलेल्या वेळात मुंबईचे रस्ते, गर्दी, पावसातल्या इमारती जलरंगात रंगवायचे. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे आणि रझा या सहाजणांनी मिळून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. आपलं नवं काही करायचं, ही ईर्षा सगळ्यांना होती. पण रझांची त्या काळातली चित्रं पाहिली तर ती सुंदर निसर्गचित्रं आहेत. पुढचा बिंदूवाला रझा त्यात शोधूनही सापडत नाही. त्याच सुमाराला आई गेली, पुढच्या वर्षी वडील गेले, फाळणीनंतर भाऊबंद पाकिस्तानात गेले आणि हे एकटे इथे राहिले.

१९४८ मध्ये ते काश्मीरला चित्रं काढायला गेले असताना तिथे त्यांना आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला. जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार. त्याने रझांची चित्रं पाहिली आणि जे सांगितलं त्याचा आशय असा की, तुझ्यात गुण आहे, पण तुझ्या चित्रांना बांधणी नाही. इमारतीला जसा पाया लागतो, भिंती लागतात, तुळया लागतात, तसं चित्राचं आहे. तू सेझान बघ.

मी हा प्रसंग कितीदा तरी वाचला असेन. शिक्षक म्हणून मला त्याचा हेवा वाटतो. तोही चुकाच दाखवत होता. 'काहीतरी कमी आहे' हेच सांगत होता. पण काय कमी आहे त्याचं नाव त्याने सांगितलं, आणि ते कुणाकडे जाऊन शिकायचं तेही सांगितलं. सव्वीस वर्षांच्या रझांना त्या वाक्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काहीतरी करता येत होतं. त्यांनी केलंही. मुंबईला परत येऊन फ्रेंच शिकले, शिष्यवृत्ती मिळवली आणि १९५० मध्ये पॅरिसला जाऊन तिथल्या कलाशाळेत दाखल झाले. सेझान प्रत्यक्ष पाहिला.

आता 'तुझी दृष्टी दिसत नाही' या वाक्यावर सोमवारी सकाळी एखाद्या पोरीने नेमकं काय करायचं? चाळीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे, कुणीतरी मला सांगा. 'तुझा निबंध जिवंत नाही' असं मी जर एखाद्या मुलाला म्हटलं आणि वही परत दिली, तर तो घरी जाऊन काय लिहील? 'तू सगळी विशेषणं काढून एकदा लिहून बघ' म्हटलं तर काहीतरी लिहील. वाईट का होईना, पण लिहील.

पुढे फ्रान्समध्ये रझांचं नाव झालं. १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिलेच फ्रेंच नसलेले चित्रकार. म्हणजे चौतिसाव्या वर्षी यश आलं होतं. चित्रं विकली जात होती. तिथल्या खेड्यांची, घरांच्या दाटीची, चर्चच्या मनोऱ्यांची ती चित्रं. १९६२ साली अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले, तिथे रॉथको वगैरे मंडळींची चित्रं पाहिली, आणि त्यानंतर हात मोकळा झाला. तैलरंग सोडून अॅक्रिलिक घेतलं. घरं विरघळत गेली, नुसता रंग उरला. सत्तरच्या दशकात राजस्थान, तपोवन अशी नावं चित्रांना येऊ लागली. भारतात फेऱ्या वाढल्या. अजिंठा, वेरूळ, बनारस.

आणि या काळात, पन्नाशी ओलांडलेला, नावाजलेला, पॅरिसमध्ये स्थिरावलेला हा माणूस अस्वस्थ होता. आपण चांगली फ्रेंच चित्रं काढतो आहोत, पण यात आपला देश कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी मुलाखतींतून तो अनेकदा सांगितला आहे. माझ्या नातीला तिच्या सरांनी विचारला तोच हा प्रश्न. फक्त रझांनी तो स्वतःच स्वतःला विचारला, आणि हातून तीस वर्षं काम होऊन गेल्यावर विचारला. वीस वर्षांच्या पोरीच्या हातून कामच किती झालेलं असतं? विहीर खणायला सुरुवात केली नाही तोवर पाण्याची चव कुठून विचारता?

आणखी एक. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये काढलेल्या रझांच्या काही चित्रांत घरांच्या डोक्यावर एक काळा सूर्य आहे. मी पुस्तकात पाहिला तेव्हा दचकलेच. तोच तो काळा गोल! कडेला, वर, आभाळात टांगलेला. तीसेक वर्षांनी तो खाली उतरून चित्राच्या मधोमध आला. तेव्हा त्यांना विचारलं असतं की बाबा रे, तुझी स्वतःची खूण कोणती, तर त्यांनी सूर्याकडे बोट दाखवलं असतं, असं मला वाटत नाही. म्हणून नातीला मी म्हटलं, तुझ्याही त्या बारा कामांत कडेला काहीतरी असेल. सरांना दिसलं नाही, तुलाही दिसणार नाही इतक्यात.

ती म्हणाली, "आत्याआजी, आता मोबाइलला सांगितलं ना की रझांच्या शैलीत नागपूरचं रेल्वे स्टेशन काढ, तर अर्ध्या मिनिटात काढून देतो." आणि खरंच काढून दाखवलं. मधे काळा गोल, भोवती त्रिकोण, खाली रूळ. मी बघतच राहिले. चांगलं होतं की! पण मग ती आपणहून म्हणाली की हे पाहिलं की अजूनच भीती वाटते, नक्कल तर आता यंत्रही करतं, मग मी नक्कल करून कशाला शिकायचं.

यावर माझं उत्तर मास्तरणीचं आहे. पाढे कॅल्क्युलेटरलाही येतात. तरी आपण मुलांकडून घोकून घेतो, ते उत्तर मिळावं म्हणून नव्हे. रझांनी सेझान गिरवला तेव्हा जगाला आणखी एका सेझानची गरज होती म्हणून गिरवला नाही. गिरवताना रझांच्या हाताला काय झालं, ते महत्त्वाचं. मोबाइलच्या हाताला काही होत नाही, त्याला हातच नाही.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. घरातल्या कुणालाही हे मी सांगितलेलं नाही.

१९८३ची गोष्ट असेल. भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. चित्रकलेचे शिक्षक बदलून गेले, जागा भरली नाही, आणि तो तास माझ्या गळ्यात पडला. मला येत होता तो दोन डोंगरांमधला सूर्य. पण मुलं एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायची होती, म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका आणून मी तयारी करून घेत होते. स्मरणचित्राला विषय दिला, आठवडी बाजार.

सातवीतला एक मुलगा होता. त्याची आई बाजारात पोतं अंथरून भाजी विकायची आणि हा शनिवारी शाळा सुटली की तिच्या शेजारी बसायचा. त्याने जे काढलं ते मला आजही लख्ख दिसतं. कागदभर पाय. चपलांतले, अनवाणी, सायकलचं एक चाक, लुगड्यांचे काठ, लोंबणाऱ्या पिशव्यांचे बूड, त्यांतून बाहेर आलेली मेथीची जुडी, मधूनच एक कुत्रं. आणि वरच्या कडेतून खाली आलेला एकच हात, बोटांत नाणं धरलेला. चेहरा एकही नाही.

मी म्हटलं, "अरे, माणसांची डोकी कुठे आहेत?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग खोडरबर त्याच्या हातात दिलं आणि परीक्षकाला कसं चित्र लागतं ते फळ्यावर काढून दाखवलं. एका ओळीत दुकानं, छत्र्या, उभी माणसं, मागे डोंगर. आमच्या तालुक्याच्या बाजाराच्या मागे डोंगर कुठला? तांदळाची गिरणी होती. त्याने मुकाट्याने सगळं खोडलं आणि मी सांगितलं तसं काढलं. परीक्षेत त्याला बी ग्रेड मिळाली, आणि मला वाटलं, चला, मराठीची असून मी एका पोराला चित्रकलेत पास केलं.

दहावीनंतर तो आईच्याच दुकानावर बसू लागला. मी भाजी घ्यायला जायचे तेव्हा "बाई" म्हणून दोन मिरच्या जास्त टाकायचा.

तीस-पस्तीस वर्षं हे माझ्या डोक्यातून गेलं होतं. रझा २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत वारले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. तेव्हा वर्तमानपत्रांतून पुन्हा त्या मास्तरांच्या ठिपक्याची हकीकत छापून आली. ती वाचता वाचता ते पाय एकदम समोर आले. पोतं अंथरून जमिनीवर बसलेल्या मुलाला बाजार तसाच दिसणार ना! त्याला कुणी 'स्वतःची दृष्टी शोध' म्हणून सांगितलं नव्हतं. तो नुसता जिथे बसायचा तिथून बघत होता. मी उभी होते, म्हणून मला डोकी हवी होती.

त्यामुळे या विषयावर मी फार मोठ्या आवाजात बोलत नाही. नातीच्या सरांना दृष्टी दिसली नाही, हे मी म्हणते खरं, पण माझ्यासमोर ती चालून आली होती तेव्हा मी खोडायला लावली. दोघांत वाईट कोण, तुम्हीच ठरवा. आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की ही मार्क देण्याची गोष्ट नाही. रेघेला मार्क द्या, रंग कसा बसवलाय त्याला द्या, वेळेवर काम दिलं त्याला द्या. एखाद्याला ती सातवीत असते, एखाद्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी सापडते, आणि आपण शिक्षक लोक दोन्ही वेळा चुकू शकतो. काकैयाच्या मास्तरांनी मुलाला 'तुला काय दिसतं ते सांग' असं विचारलं नाही. बघायला एक वस्तू दिली आणि बसवून ठेवलं. तेवढंच आपल्या हातात असतं बहुधा.

रझांचं सगळंच मला आवडतं असंही नाही. २०११ की १२ साली मुंबईत एका गॅलरीत त्यांची नंतरच्या काळातली चित्रं पाहिली. बिंदू, बिंदू, पुन्हा बिंदू. पाचव्या-सहाव्या चित्रापाशी माझे पाय दुखू लागले आणि मनात आलं, सापडलं ते बरंच झालं, पण आता यातून सुटका कशी? १९८३चं त्यांचं 'सौराष्ट्र' नावाचं मोठं चित्र आहे, लंडनच्या लिलावात २०१० मध्ये सोळा कोटींच्या वर गेलं. त्यात बिंदू आहे पण तो कोपऱ्यात, आणि बाकीचं चित्र नुसतं पेटलेलं. ते मी छापील पाहिलं तरी अंगावर काटा आला. म्हणजे सापडण्याच्या जवळ असताना माणूस जे करतो, ते सापडून गेल्यावरच्या कामापेक्षा जास्त जिवंत असावं, असं आपलं मला वाटतं. जाणकार मंडळींनी रागावू नये.

याच्या अगदी उलट वासुदेव गायतोंडे. तेही नागपुरात जन्मलेले, १९२४चे, घराणं गोव्याचं. १९४८ साली जे. जे.तून बाहेर पडले. सुरुवातीला त्यांनीही जैन पोथ्यांतल्या चित्रांसारखी माणसं काढली, पॉल क्लेचा प्रभाव घेतला. मग मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधल्या स्टुडिओत, समुद्राजवळ, हळूहळू आकृत्या सुटत गेल्या. रोलर आणि सुरी घेऊन रंगाचे थर चढवायचे, काढायचे. वर्षाला पाच-सहा चित्रं, बस्स. बाकी वेळ बसून राहायचं. आपल्या चित्रांना ते अमूर्त म्हणू देत नसत. १९८४ मध्ये अपघात झाला, त्यानंतर काही वर्षं कॅनव्हासला हातच लावला नाही. आज त्यांच्या चित्रांच्या किमती ऐकून आपण तोंडात बोट घालतो, पण आमच्या नातीच्या कॉलेजात ते असते तर सत्राला बारा कामं पुरी झाली नाहीत म्हणून नापास झाले असते.

तेव्हा, भाच्या, आता तुझ्याशी. पैशाची काळजी करणं चुकीचं नाही, तू बाप आहेस. ती नोकरी करेल, करायलाच हवी. रझांनी ब्लॉक स्टुडिओत केली. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. तिथूनच ते १९६१ साली बनारसला गेले, तांत्रिक चित्रांची ओळख तिथे झाली आणि त्यांच्या चित्रांना वळण लागलं. नोकरीने दृष्टी जाते असं नाही, कधी कधी नोकरीच ती दाखवते. तो युआय-युएक्स तिला पदवीनंतरही करता येईल. पण 'सर म्हणतात नाही, तर नाही' या कारणासाठी तिला आत्ता बाहेर काढू नकोस. कारण खरं नाही. एका सहामाहीच्या मार्कांवरून ठरण्यासारखी ती गोष्टच नव्हे.

२०१८ साली मुलाबरोबर कान्ह्याला गेले होते, तेव्हा परतताना हट्टाने वाट वाकडी करून मंडल्याला गेलो. तीन बाजूंनी नर्मदा आहे त्या गावाला. साठ वर्षं फ्रान्समध्ये काढून हा माणूस २०१० च्या अखेरीस भारतात परत आला आणि शेवटी त्याच्या इच्छेप्रमाणे इथे, वडिलांच्या शेजारी त्याला पुरलं. साधी कबर आहे. मुलगा म्हणाला, आई, इथे बघण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, गाडीत बस, येतेच. पाच मिनिटं उभी राहिले. मला त्या मास्तरांचीच आठवण येत होती, रझांपेक्षा.

जायच्या आदल्या दिवशी नातीला मी एक काम दिलं. दृष्टीबिष्टी नाही. म्हटलं, माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली पाट मांडून बस आणि तिथून जे दिसेल ते काढ. ती हसली, पण बसली. तासाभराने पाहिलं तर गॅसची नळी होती, सिलिंडरचं बूड, डब्यांच्या कडा, आणि माझ्या सुजलेल्या पावलांचे दोन घोटे. घोटे मला मुळीच आवडले नाहीत. वही मात्र तिने बॅगेत वरच्या कप्प्यात ठेवली, हे मी पाहिलं.

पुढच्या सत्राची फी भरायची शेवटची तारीख पंधरा डिसेंबर आहे, असं ती जाता जाता म्हणाली. भाच्या, फोन करशील तर रात्री नऊनंतर कर, त्याआधी माझ्या गोळ्या आणि जेवण असतं.